क्रूझवरच्या कॅसिनोची ‘मोफत’ केबिन: हिशोब नेमका कसा चालतो

प्रश्न असा आहे: सात रात्रींच्या क्रूझवर रोज संध्याकाळी थोडंफार स्लॉट मशीन खेळलं आणि घरी परतल्यावर काही दिवसांत ईमेल आला. दोघांसाठी आतली (खिडकी नसलेली) केबिन मोफत, वर १०० डॉलरचा फ्रीप्ले, म्हणजे फक्त मशीनवर खेळण्यापुरतं क्रेडिट. हे खरोखर फुकट असतं का? आणि पुढच्या वेळी बाल्कनीची केबिन हवी असेल तर किती खेळावं लागतं?

केबिन खरी असते, त्यात फसवणूक नाही. पण ती बक्षीसही नाही. तुमच्या खेळातून कंपनीला सरासरी जेवढं मिळेल असा तिचा अंदाज असतो, त्यातलाच एक हिस्सा ती तुम्हाला केबिनच्या रूपात परत देते. त्यामुळे ‘केबिनसाठी किती खेळावं’ हा प्रश्नच मला उलटा वाटतो. मनोरंजनासाठी जेवढं खेळणारच होतात, त्या खेळाची पूर्ण नोंद होते की नाही आणि त्याबदल्यात मिळायला हवं ते सगळं पदरात पडतं की नाही, एवढंच बघावं. हे का, ते आकड्यांतून सांगतो.

कॅसिनोवाल्यांच्या बोलण्यात एक शब्द सतत येतो: ‘थिओ’. म्हणजे तुमच्या खेळातून घराला, म्हणजे कॅसिनोला, अपेक्षित असलेला नफा. एकूण लावलेली रक्कम गुणिले त्या खेळातली घराची टक्केवारी (लावलेल्या रकमेतला सरासरी किती भाग घराकडे राहतो ती), झाला थिओ. तुम्ही प्रत्यक्षात किती हरलात किंवा जिंकलात यावर तो ठरत नाही. म्हणूनच पाचशे डॉलर जिंकून उतरलेल्या माणसालाही मोफत केबिनचा ईमेल येतो, आणि एका तासात पाचशे हरून मग आठवडाभर कॅसिनोकडे न फिरकलेल्याला बऱ्याचदा काहीच येत नाही. मोठं नुकसान झालेलं असेल तर काही कंपन्या ते वेगळं विचारात घेतात, पण पाया थिओचाच.

स्लॉट मशीनवर ‘एकूण लावलेली रक्कम’ म्हणजे कॉइन-इन. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. तुम्ही मशीनमध्ये १०० डॉलरची नोट घातली म्हणजे कॉइन-इन १०० झालं असं नाही. एका डॉलरचा डाव आहे, कधी दोन परत येतात, कधी पाच, तेच पुन्हा लावले जातात. घराची टक्केवारी १० धरली तर ती नोट संपेपर्यंत सरासरी १,००० डॉलरचं कॉइन-इन होतं. कॅसिनो क्लबच्या खात्यात पॉइंट मिळतात ते या हजारांवर. बटण एकसारखं दाबणारा माणूस तासाला ५०० डाव सहज खेळतो. म्हणजे एका डॉलरच्या डावाने तासाला ५०० डॉलर कॉइन-इन आणि सरासरी ५० डॉलरचं नुकसान.

आता खरी शिडी घेऊ. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या क्लब रॉयाल या कॅसिनो योजनेत बराच काळ चार पायऱ्या आहेत: चॉइस, २,५०० पॉइंटला प्राइम, २५,००० ला सिग्नेचर, १,००,००० ला मास्टर्स. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं मोजतात. स्लॉटवर ५ डॉलर कॉइन-इनला एक पॉइंट, व्हिडिओ पोकरवर १० डॉलरला एक. म्हणजे प्राइमला पोहोचायला स्लॉटवर १२,५०० डॉलरचं कॉइन-इन लागतं. वरच्याच १० टक्क्यांनी गेलं तर सरासरी खर्च १,२५० डॉलर. प्राइमबरोबर वर्षातून एक आतली केबिन मिळण्याची सोय असते. अशी केबिन दोघांना विकत घेतली असती तर कर सोडून कितीला पडली असती, हे त्याच तारखांना कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. बऱ्याचदा आकडा १,२५० च्या जवळपास किंवा खालीच निघतो. शिवाय १,२५० ही सरासरी आहे. एवढ्या खेळात एखादा बरोबरीत सुटतो आणि एखाद्याचे दोन-अडीच हजार जातात. केबिन मात्र दोघांना सारखीच.

२,३०० पॉइंटवर पोहोचलेला माणूस शेवटच्या रात्री ‘फक्त दोनशेच राहिले’ म्हणून बसतो, ती जागा फार धोक्याची. दोनशे पॉइंट म्हणजे १,००० डॉलर कॉइन-इन, सरासरी शंभरेक डॉलर. तेवढ्यावर थांबलं तर हिशोब बसतो, कारण पायरीचा फायदा शंभरापेक्षा मोठा आहे. पण त्याच वेळी डाव एका डॉलरवरून पाचवर नेला तर दोनशे पॉइंट दोनशे डावांतच उरकतात, आणि दोनशे डावांत नशीब कुठल्याही टोकाला जाऊ शकतं. पायरी गाठायचीच असेल तर डाव लहान ठेवून वेळ द्या.

व्हिडिओ पोकरबद्दल ‘घराची टक्केवारी कमी, म्हणून पॉइंट स्वस्त’ असं ऐकायला येतं. ते पेटेबलवर, म्हणजे कुठल्या पत्त्यांना किती पट मिळतात त्या तक्त्यावर, अवलंबून आहे. पडद्याच्या वरच्या भागात फुल हाउस आणि फ्लश या दोन ओळी बघा, एका नाण्याच्या रकान्यात. जॅक्स ऑर बेटर प्रकारात ९ आणि ६ असेल तर बिनचूक खेळणाऱ्याला दीर्घकाळात ९९.५४ टक्के परत मिळतात. ८ आणि ५ असेल तर ९७.३०. ७ आणि ५ ला ९६.१५. आणि ६ आणि ५ ला फक्त ९५ टक्के. जहाजांवर खालचीच पेटेबलं जास्त दिसतात. ६-५ च्या मशीनवर २,५०० पॉइंटसाठी २५,००० डॉलर लावायचे, ५ टक्क्यांनी १,२५० डॉलर. म्हणजे स्लॉटएवढेच, आणि वेळ दुप्पट. बिनचूक खेळ जमत नसेल तर त्याहून जास्त. ९-६ चं मशीन सापडलं तर मात्र तेच २,५०० पॉइंट सुमारे ११५ डॉलरला पडतात. पाच मिनिटं फिरून सगळ्या मशीनच्या त्या दोन ओळी वाचणं हे या अख्ख्या उत्तरातलं सगळ्यात जास्त परतावा देणारं काम.

टेबलांवर मोजणी यंत्र करत नाही, माणूस करतो. तुम्ही बसता, तुमच्या खेळाडू खात्याला जोडलेलं केबिनचं कार्ड डीलरसमोर ठेवता, डीलर ते सुपरवायझरला देतो. तो टॅबलेटवर तीन गोष्टी भरतो: बसल्याची वेळ, सरासरी डाव, उठल्याची वेळ. सूत्र असं: सरासरी डाव गुणिले तासाला डाव गुणिले तास गुणिले घराची टक्केवारी. दुहेरी शून्याच्या रुलेटवर १० डॉलर, तासाला ३८ फेऱ्या, चार तास: १,५२० डॉलर लावले गेले, ५.२६ टक्क्यांनी थिओ ८० डॉलर. ब्लॅकजॅकवर २५ डॉलर, तासाला ६० हात, चार तास, २ टक्के धरले तर १२० डॉलर. किनाऱ्यावरच्या कॅसिनोंत थिओचा साधारण २० ते ४० टक्के भाग कॉम्प (मोफत खोली, जेवण अशा सोयी) म्हणून परत देण्याची पद्धत आहे. जहाजावर हे प्रमाण उदार वाटतं, कारण रिकामी जाणारी केबिन कंपनीला फार थोड्या खर्चात देता येते आणि त्या केबिनमधला माणूस दारू, सहली, फोटो यांवर खर्च करतोच.

या मोजणीत माणूस असल्याने चुका होतात, आणि त्या खेळणाऱ्याला महागात पडतात. सुपरवायझर सुरुवातीचे काही डाव बघून सरासरी टाकतो. तुम्ही दहाने सुरू करून अर्ध्या तासाने पन्नासवर गेलात आणि त्याचं लक्ष नव्हतं, तर नोंद दहाचीच राहते. दुसरी चूक: कार्ड न देता बसायचं आणि तासाभराने आठवण झाल्यावर द्यायचं. मागचा तास सहसा धरला जात नाही. तिसरी: टेबल बदलताना जुनी नोंद बंद न होणं किंवा नवी सुरूच न होणं. उठताना सुपरवायझरला सरळ विचारावं, ‘माझी सरासरी किती धरली?’ यात संकोच करण्यासारखं काही नाही, हा प्रश्न त्यांना रोज येतो आणि चुकलेली नोंद त्याच वेळी दुरुस्त होते. दुसऱ्या दिवशी होत नाही.

टेबलाचे नियमही वाचा. ब्लॅकजॅकच्या कापडावर ‘६ ला ५’ छापलं असेल तर दहाच्या डावावर ब्लॅकजॅक लागल्यास १२ डॉलर मिळतात, ‘३ ला २’ असेल तर १५. एवढ्या फरकाने घराची टक्केवारी सुमारे १.४ ने वाढते. जहाजांवरच्या कमी डावाच्या टेबलांवर ६ ला ५ फार दिसतं. बॅकरॅटमध्ये घराची टक्केवारी बँकरवर १.०६, प्लेअरवर १.२४, टायवर मात्र १४.३६. क्रॅप्सची पास लाइन १.४१. एक बारीक गोष्ट अशी की ब्लॅकजॅकचा थिओ सर्वसाधारण खेळाडू धरून काढतात. मूलभूत तक्ता (कोणत्या पत्त्यांवर काय करावं तो) पाठ असलेल्या माणसाचा खरा खर्च त्याहून कमी असतो, पण कॉम्प तेवढेच. टेबलावर गर्दी असेल, डीलर सावकाश असेल, तर तासाला प्रत्यक्ष हात कमी पडतात आणि नोंद मात्र ठरलेल्या वेगाने होते. हे पूर्णपणे नियमात बसतं.

स्लॉटवर नोंद आपोआप होते म्हणून लोक गाफील राहतात. कार्ड खाचेत घातल्यावर छोट्या पडद्यावर तुमचं नाव आणि पॉइंट दिसायला हवेत, आणि पहिल्या काही डावांनंतर आकडा हलायला हवा. नाव न येता नुसताच दिवा लुकलुकत असेल तर कार्ड पोचलेलं नाही. काढा, पुसा, पुन्हा घाला, तरीही नाही तर दुसरं मशीन घ्या. आधीच्या माणसाचं कार्ड खाचेत राहून गेलेलं असणं ही नेहमीची गोष्ट आहे, मग तासभर पॉइंट त्याला जातात. पहिल्याच दिवशी कॅसिनोच्या खिडकीवर जाऊन तुमचं केबिनचं कार्ड तुमच्या जुन्या खेळाडू क्रमांकाला जोडलंय का हे विचारा. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असला की यंत्रणा नवीन खातं उघडते आणि एका माणसाचे पॉइंट दोन खात्यांत वाटले जातात.

नवरा-बायको दोघंही खेळत असतील तर दोघांची खाती वेगळीच राहतात, केबिन एक असली तरी. १,३०० आणि १,२०० मिळून प्राइम होत नाही. दुसऱ्याच्या कार्डावर खेळणं बहुतेक कंपन्यांच्या नियमांत बसत नाही आणि सापडल्यास पॉइंट रद्द होतात. आणखी एक गैरसमज: कंपनीची प्रवासी निष्ठा योजना, म्हणजे किती रात्री प्रवास केला त्यावर पायऱ्या देणारी, आणि कॅसिनो क्लब या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकीतली पायरी दुसरीत चालत नाही.

ऑफर मात्र एकाच वाटेने येत नाहीत. वर्षभराच्या पायरीवर मिळणाऱ्या सोयी हा एक प्रकार. दुसरा, त्याच प्रवासातल्या पॉइंटवर शेवटच्या एक-दोन दिवसांत हातात पडणारं प्रमाणपत्र: अमुक जहाजांची यादी, अमुक तारखेच्या आत बुकिंग. तिसरा, घरी येणारे ईमेल. यांत बऱ्याचदा रोजचा सरासरी थिओ बघितला जातो. सात रात्रींत एकाच दिवशी चार तास आणि उरलेल्या दिवशी प्रत्येकी दहा मिनिटं खेळलात तर काही योजनांत सरासरी खाली येते. कार्ड घालायचं तर नीट तासभर खेळायचं, नाहीतर त्या दिवशी घालूच नका. चौथा प्रकार होस्टच्या, म्हणजे खेळाडूंकडे बघणाऱ्या कॅसिनोच्या माणसाच्या, हातातला: एखादं महागडं जेवण, खात्यावर काही डॉलर, पेयांची सवलत. हे मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. मागायची वेळ म्हणजे शेवटच्या समुद्रदिवसाची (बंदर नसलेल्या दिवसाची) दुपार. शेवटच्या रात्री खिडकीवर रांग असते, आणि होस्टच्या वाट्याचं बरंच वाटून झालेलं असतं. शब्द साधे ठेवा: ‘माझा या प्रवासातला खेळ बघून खात्यावर काही लावता येईल का?’

आता ईमेलमधला ‘मोफत’ हा शब्द उलगडू. मोफत म्हणजे केबिनचं भाडं. बंदर शुल्क आणि सरकारी कर तुमचेच. टिप तुमची, इंटरनेट तुमचं, सहली तुमच्या, आणि ऑफरमध्ये लिहिलेलं नसेल तर दारूही. उदाहरणासाठी धरा की कर आणि शुल्क माणशी १५०, टिप माणशी रोज १८.५० डॉलर. दोघांचे सात रात्रींचे ३०० अधिक २५९, म्हणजे ५५९ डॉलर बुकिंग आणि बिल मिळून जाणारच. बाल्कनी हवी असेल तर फरक भरता येतो, पण तो फरक कोणत्या दराने मोजला ते बघा. कधीकधी साधी सवलत चालू असते आणि बाल्कनी थेट विकत घेणं जवळपास तेवढ्यालाच पडतं.

ईमेलच्या शेवटी बारीक अक्षरांत जे लिहिलेलं असतं ते बुकिंगआधी वाचा. ऑफर कोणाच्या नावाची आहे आणि ती व्यक्ती जहाजावर असणं बंधनकारक आहे का (जवळपास नेहमीच असतं). एकट्याने गेल्यास दुसऱ्या माणसाचं भाडं लागतं का. केबिन ‘गॅरंटी’ आहे का, म्हणजे कुठली ते कंपनी ठरवणार का. कोणत्या तारखा आणि जहाजं वगळली आहेत. नवी जहाजं आणि सुट्ट्यांचे आठवडे बहुधा वगळलेले असतात. रद्द केल्यास ऑफर परत मिळते की गेली. शेवटची गोष्ट लोकांना सर्वात जास्त दुखते. प्रवासी एजंटकडून आधीच केलेल्या बुकिंगला कॅसिनोचा दर नंतर चिकटवता येत नाही हेही लक्षात असू द्या, कॅसिनो विभागाकडूनच नवं बुकिंग करावं लागतं.

फ्रीप्ले आणि ऑनबोर्ड क्रेडिट या भिन्न गोष्टी आहेत. १०० डॉलरचा फ्रीप्ले रोख काढता येत नाही. तो मशीनवर एकदा फिरवायचा, त्यातून जे जिंकाल ते तुमचं. १० टक्के घराचे धरले तर त्याची किंमत साधारण ९० डॉलर. एकदा फिरला की थांबून तिकीट काढून घ्या, तेच पैसे पुन्हा पुन्हा फिरवले की ९० चे ८१ आणि पुढे तसंच. ऑनबोर्ड क्रेडिट जहाजावरच्या खात्यात जमा होतं आणि टिप, जेवण, सहल यांत वापरता येतं. ‘परत न मिळणारं’ लिहिलं असेल तर उरलेलं शेवटच्या दिवशी नाहीसं होतं.

पेयांचा मुद्दा पटकन: ठरावीक खेळानंतर किंवा ठरावीक पायरीवर मोफत पेयांची सोय मिळते. कार्निव्हल कंपनीच्या जहाजांवर ‘ड्रिंक्स ऑन अस’ या नावाने ती ओळखली जाते. काही ठिकाणी फक्त कॅसिनोच्या बारपुरती, काही ठिकाणी जहाजभर. पेयांचं पॅकेज आधी विकत घेण्यापूर्वी तुमच्या ऑफरमध्ये हे आहे का बघा, नाहीतर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातात.

पैसे आणण्याच्या पद्धतीतही गळती असते. केबिनच्या खात्यावरून खेळासाठी पैसे उचलले तर काही कंपन्या ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास शुल्क लावतात. २,००० डॉलरवर ५ टक्के म्हणजे १०० डॉलर, खेळायच्या आधीच गेले. वरच्या पायऱ्यांवर हे शुल्क माफ होऊ शकतं, तोवर ठरवलेली रक्कम रोख न्या. रोखीचा दुसरा फायदा असा की ती संपली की खेळ संपतो, खात्यावरून उचललेल्या पैशाला तसा तळ दिसत नाही. पॉइंटचा आकडा पाहून थांबता येईनासं झालं असेल तर कॅसिनो विभागाला सांगून स्वतःचं खातं खेळासाठी बंद करून घ्या आणि ऑफरचे ईमेलही थांबवायला सांगा. आपणहून येणाऱ्या ‘मोफत’ केबिनचं आमंत्रण अशा वेळी फार जड जातं.

किनाऱ्यावरच्या कॅसिनोत वरची पायरी असेल तर ती इथे उपयोगी पडू शकते. एमजीएम रिवॉर्ड्सचा रॉयल कॅरिबियनशी आणि सीझर्स रिवॉर्ड्सचा नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीशी संबंध आहे, आणि वरच्या पायरीच्या सदस्यांना त्यातून क्रूझ मिळते. जहाजावर एक पैसाही न खेळता मिळणारी ही केबिन, म्हणून आधी तीच तपासा. डिस्नेच्या जहाजांवर कॅसिनोच नसतो, आणि हवाईतल्या बेटांमध्येच फिरणाऱ्या प्राइड ऑफ अमेरिका या जहाजावरही नाही.

पॉइंटचं नियोजन करताना कॅसिनो किती तास उघडा असेल ते मार्गावरून काढा. जहाज बंदरात असताना आणि किनारी देशाच्या हद्दीत, जी साधारण १२ सागरी मैलांची असते, कॅसिनो बंद राहतो. बर्म्युडासारख्या मोजक्या ठिकाणी रात्री परवानगी असते. सात रात्रींत चार बंदरं असतील तर दिवसभर खेळता येईल असे दिवस दोन-तीनच. अशा मार्गावर प्रमाणपत्राचा आकडा गाठायला बघणारा माणूस रात्री दोनपर्यंत मोठे डाव लावून बसतो, आणि नुकसान नेमकं तिथेच होतं. अलास्काच्या अनेक प्रवासांवर खेळायला २१ वर्षं पूर्ण लागतात, एरवी बहुतेक जहाजांवर १८ चालतात.

शेवटच्या रात्री खेळ थांबवल्यावर खिशातल्या चिप्स आणि मशीनची तिकिटं खिडकीवर देऊन रोख घ्या, बंद होण्याच्या वेळेच्या तासभर आधी. सकाळी जहाज बंदराला लागलेलं असतं, कॅसिनो बंद असतो, आणि तिकिटांची मुदत बहुधा त्याच प्रवासापुरती असते. त्याच खिडकीवर पॉइंटची एकूण बेरीज आणि होस्टने कबूल केलेली रक्कम छापून मागा. मग केबिनमध्ये जाऊन टीव्हीवर किंवा ॲपमध्ये खातं उघडा आणि ती रक्कम वजा झालेली दिसते का ते बघा. दिसत नसेल तर रात्रीच परत जा.